सोशल

मस्करेन्हस मॅडमनी हातात फूटपट्टी ठेवली.
लाकडी, बारा इंची, एका टोकाला जुनी शाई.
म्हणाल्या, नाचताना दोघांत एवढं अंतर हवं.
कमी दिसलं की खांद्यावर टकटक.
मारायचं नाही हं, सरमळकर.

मी मराठीची. ऑर्लेमच्या ह्या शाळेत
तिसऱ्या भाषेचे तास मधल्या सुट्टीनंतर येतात,
पोरं जेवून सुस्तावलेली असताना.
माझं कुणी ऐकत नाही हे सगळ्यांना ठाऊक,
तरी पहाऱ्याला मीच.

पीटीच्या गाद्या भिंतीशी रचलेल्या,
पताका नाताळच्याच, काढायच्या राहिलेल्या.
लॅबमधल्या तुळाजीचा भाचा गाणी लावतोय
आणि बक्षिसांच्या कपाटाची काच
प्रत्येक ठोक्याला दात वाजवतेय.

पाऊण तास कुणीच नाचलं नाही.
मुलगे सामोशांपाशी, मुली पंख्याखाली,
मधे फरशी, तिच्यावर बास्केटबॉलच्या पिवळ्या रेघा.
एवढं अंतर मोजायला
माझी पट्टी तीसेक वेळा आडवी पडली असती.

मग ग्लेनिस डाबरे आली, टाचा सोललेल्या.
मिस, हे धराल?
सँडल माझ्या मांडीवर ठेवून अनवाणी पळाली.
तिचं बघून बाकीचे.
एक इनहेलर. डबीतली दातांची तार.
कुणाच्या आजीची चेन, घामानं काळी पडेल म्हणून.
तीन फोन, त्यातला एक सारखा 'पप्पा' म्हणून थरथरणारा.
ओटी भरली म्हणणार होते,
पण नको.

शेवटी ओजस तांडेल. त्यानं चष्मा काढून दिला.
अरे, तुला दिसेल का काही?
नाही मिस, म्हणूनच.

आणि गेला. पिवळी रेघ ओलांडून,
डोळे बारीक करत, खांबाला वळसा घालून,
हात पुढे केला तो बहुतेक इनायतपुढे.
बहुतेक म्हणते, कारण त्यालाही खात्री नसावी.
तिनं हात घेतला. त्याला कुठं नेऊन उभं करायचं
ते तिनंच ठरवलं.

बुधवारी फळ्यावर लिहिलं होतं:
मुलांनी नाचावे. प्रयोग ओळखा.
एकाला आला नाही.
भावे, मी सांगितलं,
इथं क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली होती.
तोच आता गुडघे एकीकडे, खांदे दुसरीकडे पाठवून
उदाहरण देत होता.

आमची मुलींची शाळा.
गॅदरिंगच्या कोळीनाचात मी कोळी होते,
काजळाच्या मिश्या, डोक्याला लाल टोपी.
कोळीण म्हणजे शालन वेंगुर्लेकर.
तिचा तळवा इतका ओला होता
की वल्हं मारताना माझा हात दोनदा निसटला.
मिश्या रात्री धुतल्या.
तळव्याचं काय करायचं, कुणी सांगितलं नव्हतं.

मस्करेन्हस मॅडमनी दारातून भुवया उचलल्या.
ओजस आणि इनायत, अंतर चार इंच. फार तर पाच.
मी उठले. मांडीवरचं सगळं खुर्चीत ठेवलं,
चष्मा तेवढा डोक्यावर अडकवला, फुटेल म्हणून.
त्यांच्यापर्यंत गेले.
आणि पंख्याचं बटण त्यांच्या बाजूचं, ते वाढवून
परत आले.
पट्टी पर्समध्ये घालून पाहिली. मावली नाही.
अर्धी बाहेर राहिली, सगळ्यांना दिसेलशी.

साडेनवाला ट्यूबलाइट लागल्या
आणि सगळे एकदम दहावीचे झाले.
फाटकाशी पालक, रिक्षांची रांग, कुणाच्या तरी पप्पांचा आवाज.
सँडल गेल्या, तार गेली, चेन गेली.
अंतर ठीक होतं ना मिस? ग्लेनिसनं विचारलं,
एका पायावर उभी राहून, बक्कल लावत.
मी म्हटलं, शुद्धलेखन सुधार आधी.

एव्हरशाईन नगरच्या वळणावर
रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं तेव्हा कळलं.
चष्मा डोक्यावरच होता.
तो डोळ्यांवर घेतला.
समोरचे दिवे मोठे झाले, एकमेकांत शिरले,
कुठला कुणाचा कळेना.
वळवू का मॅडम? काही राहिलं का?

मीटर पळत होता.
बघू या, म्हटलं, जरा सरळच जाऊ द्या.